दहा फूट जागा, एक खुर्ची आणि घड्याळ

नागपूरजवळच्या कन्हान, पिपरी, कांद्री, टेकाडी या पट्ट्यात आज साठी-सत्तरीत असलेली कितीतरी माणसे अंगमेहनतीवर जगली. कोणी वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळसा खाणीत तिन्ही पाळ्या केल्या, कोणी रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सांभाळले, कोणी कारखान्यात पोती वाहिली. बायांनी घर सांभाळून निंदण-कापणी केली. खाणीतली नोकरी साठाव्या वर्षी संपते. मग दिवस मोकळा होतो आणि मनात एक भरवसा उरतो, की इतकी वर्षे घाम गाळला आहे, अंग कमावलेले आहे, आपल्याला काय होणार! हा भरवसा चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. तीस वर्षे घमेली उचलली म्हणून स्नायू पुढची वीस वर्षे तसाच राहत नाही. आज त्याला जेवढे काम मिळते तेवढाच तो उरतो.

पूर्वी हे उतरणे लपून राहत नसे. जेवण जमिनीवर, चुलीपुढे उकिडवे बसणे, पाट्यावर वाटण, हापशीवरून भरलेली बादली, बिनकमोडचा संडास. अशा राहणीत माणूस दिवसातून पंचवीस-तीस वेळा जमिनीवरून उठायचा. गुडघा अडला, मांडीतला जोर गेला, तर त्याच आठवड्यात घरभर कळायचे. आता पलंग आहे, ओटा आहे, कमोड आहे, किराणा आणायला स्कूटी आहे. या सोयी वाईट आहेत असे मी म्हणत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला कमोड मिळालाच पाहिजे. पण राहणीतच दडलेली रोजची तपासणी त्यामुळे बंद पडली. पायातला जोर निम्मा झाला तरी दिवस नीट पार पडतो, आणि पहिली बातमी येते ती न्हाणीघरात पाय घसरल्यावर. म्हणून ही तपासणी आता मुद्दाम करावी लागते. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. अर्धा तास आणि सोबतीला एक माणूस लागतो.

आधी स्नायूत काय घडते ते समजून घेऊ. मांडीच्या स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक हळू चालणारे पण दमदार, रस्त्याने चालत राहण्यासाठी. दुसरे झटक्यात आकसणारे. खुर्चीतून उठताना, पायरी चढताना, ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरताना तेच कामी येतात. वय वाढते तसे हे झटक्याचे तंतू आधी बारीक होतात आणि कमी होतात. त्यामुळेच रोज सकाळी दोन किलोमीटर फिरणारे आजोबा खुर्चीतून उठताना मात्र हातांवर जोर देतात. फिरण्याचा फायदा खरा आहे, पण फिरल्याने हे दुसरे तंतू फारसे जागे होत नाहीत. मी भेटेन त्या प्रत्येक ज्येष्ठाला हे सांगते, कारण ‘मी रोज फिरतो’ एवढ्यावर थांबलेली माणसे पुष्कळ दिसतात.

तयारी साधी आहे. खुर्ची बिनहाताची, लाकडी किंवा लोखंडी, बसायची उंची साधारण १७ इंच, आणि पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची खुर्ची नको. ती वाकते आणि फरशीवर सरकते. दिवाण किंवा पलंगही नको, कारण उंची दोन इंचांनी वाढली तरी उठणे बरेच सोपे होते आणि आकडा फसवा येतो. पुढे दर वेळी हीच खुर्ची वापरायची. मोबाइलमधले स्टॉपवॉच चालेल. अंतर मोजायला टेप आणि खूण करायला खडू. घरात दोन फुटी टाइल्स असतील तर पाच टाइल्स म्हणजे दहा फूट. पायात रोजची घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट. स्लिपर नको, मोजेही नकोत. साडी घोट्याच्या वर खोचून घ्यावी, धोतर-लुंगी असेल तर पायजमा घालावा.

वेळ सकाळची, नाश्त्यानंतर तास-दीड तासाने. उपाशीपोटी नको, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत उन्हातून आल्या आल्या किंवा दुपारी हे करू नये. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचे. मधेच दम लागला किंवा दुखले तर तिथेच थांबायचे. थांबलो हीसुद्धा वहीत लिहिण्याची नोंद आहे. सोबतीचे माणूस, मग ती सून असो, नातू असो की शेजारचा भाऊ, हाताच्या अंतरावर उभे राहील. त्याने मोबाइलकडे कमी आणि माणसाकडे जास्त पाहायचे.

पहिली चाचणी खुर्चीतून उठण्याची. सगळ्यांतून एकच निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. खुर्चीच्या मधोमध बसा, पाय जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर फुली करून खांद्यांवर ठेवा. ‘सुरू’ म्हटल्यावर पूर्ण ताठ उभे राहा, पूर्ण खाली बसा, पुन्हा उठा. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहिलात ते सोबतीने मोजायचे. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठला असाल तर ते एक धरायचे. हात लावून उठावे लागले तर आकडा शून्य. शून्य ऐकून माणसे नाराज होतात, पण नियम कडक आहे म्हणूनच तो उपयोगी आहे. हाताचा आधार घेतला की पायाची खरी ताकद कळतच नाही.

ही चाचणी अमेरिकेतल्या फुलरटन येथील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स यांनी ज्येष्ठांसाठी तयार केलेल्या संचातली. १९९९ मध्ये त्यांनी ६० ते ९४ वयाच्या सात हजारांहून अधिक लोकांचे आकडे प्रसिद्ध केले. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, म्हणजे सीडीसी, पडण्याचा धोका ओळखण्यासाठी हीच चाचणी वापरते. तिच्या तक्त्यानुसार ६० ते ६४ वयात पुरुषाचा आकडा १४ पेक्षा आणि स्त्रीचा १२ पेक्षा कमी असेल तर तो सरासरीखाली. ६५ ते ६९ मध्ये १२ आणि ११, ७० ते ७४ मध्ये १२ आणि १०, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०, ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. हे आकडे अमेरिकन माणसांवरून काढलेले आहेत हे लक्षात ठेवावे. आपली उंची वेगळी, आहार वेगळा, बसण्याउठण्याच्या सवयी वेगळ्या. एखादा आकडा कमी आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ऑगस्टमध्ये बारा आणि नोव्हेंबरमध्ये नऊ आले, तर मात्र ते गंभीरपणे घ्यायचे.

याच चाचणीचा दुसरा प्रकार म्हणजे पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते मोजणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या ज्येष्ठांविषयीच्या मार्गदर्शिकेत १४ सेकंदांची मर्यादा धरली आहे. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने त्याच वर्षी १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पुढे तपासावे असे सुचवले. ज्यांना ३० सेकंदांत दम लागतो त्यांनी हा प्रकार करावा.

आता चालण्याचा वेग. चार मीटर, म्हणजे १३ फूट दीड इंच, असे अंतर खडूने आखा. आधी आणि नंतर तीन-तीन फूट मोकळी जागा हवी, म्हणजे वेग धरायला आणि सोडायला वाव राहील. घरात एवढी सरळ लांबी मिळत नसेल तर अंगण किंवा गल्ली. नेहमीच्या चालीने चालायचे, शर्यत नाही. काठी वापरत असाल तर काठीसह. दोनदा चालून कमी वेळ धरा. चार सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर, पाच लागले तर ०.८ मीटर. आशियाई गटाने एक मीटरपेक्षा कमी वेग हा मंद मानला आहे.

चालण्याचा वेग इतका बोलका का असतो? चालताना हृदय, फुप्फुसे, नसा, डोळे, सांधे, मेंदू सगळे एकाच वेळी काम करतात. यातले काहीही कमी पडले की शरीर आधी वेग कमी करते. २०११ मध्ये स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांतले ३४,४८५ ज्येष्ठ एकत्र पाहिले, तेव्हा वेग आणि उरलेले आयुष्य यांचा संबंध स्पष्ट दिसला, ०.८ मीटरच्या आसपास वेग असणाऱ्यांचे आयुष्य त्या वयाच्या मध्यम अपेक्षेइतके निघाले. आपल्याकडेही हे मोजले गेले आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये सुरू केलेल्या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. त्यात प्रश्नांसोबत चार मीटर चालणे, हाताची पकड आणि उभ्याने तोल सांभाळणे हेही तपासले. म्हणजे खडूने आखलेली ही रेघ मोठ्या सरकारी पाहणीतही चालते.

आणि कन्हानकरांना तर या वेगाचा रोजचा संबंध आहे. गावातून नागपूर-जबलपूरचा महामार्ग जातो. रस्ता ओलांडायला लागणारे सेकंद तुमच्या पायांवर ठरतात, समोरून येणारा ट्रक त्यासाठी थांबत नाही. ब्रिटनमध्ये पादचारी सिग्नल ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरत. २०१२ च्या एका अभ्यासात इंग्लंडमधले ६५ वर्षांवरचे ७६ टक्के पुरुष आणि ८५ टक्के स्त्रिया त्याहून हळू चालतात असे दिसले. तुमचा वेग एक मीटरपेक्षा कमी असेल तर महामार्ग ओलांडताना सोबत हवी, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवावे.

बसून-उठून-चालून परत येण्याची एक चाचणी १९९१ मध्ये डायान पॉड्सिअॅड्लो आणि सँड्रा रिचर्डसन यांनी मांडली आणि ती जगभर वापरली जाते. खुर्चीत बसा, ‘सुरू’ म्हटल्यावर उठा, तीन मीटरवरच्या, म्हणजे दहा फुटांना दोन इंच कमी अशा खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जा, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे सीडीसी मानते. इथे सेकंदांइतकेच वळणे पाहायचे. निरोगी माणूस दोन-तीन पावलांत वळतो. कोणी सहा-सात बारीक पावले टाकून, थबकत, भिंतीकडे हात नेत वळत असेल, तर ते वहीत शब्दांत लिहा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

तोलाची चाचणी भिंतीच्या कोपऱ्यात करावी. पाठीमागे दोन भिंती, समोर खुर्चीची पाठ किंवा सोबतीचे माणूस. चार पायऱ्या, प्रत्येक १० सेकंद, डोळे उघडे. पहिली, दोन्ही पाय शेजारी जुळवून. दुसरी, एका पायाचा चवडा दुसऱ्याच्या टाचेजवळ, म्हणजे अर्धे पुढे. तिसरी, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत. चौथी, एका पायावर. जिथे दहा सेकंद टिकले नाही तिथे थांबायचे. तिसरी पायरी दहा सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे.

एका पायाच्या पायरीवर ब्राझीलमधल्या रिओ दि जनेरो इथले डॉक्टर क्लाउदिओ जिल आराउजो यांचे काम प्रसिद्ध आहे. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना त्यांनी दहा सेकंद एका पायावर उभे केले. सुमारे २० टक्क्यांना जमले नाही. पुढच्या सात वर्षांच्या पाहणीत, इतर कारणे वजा करूनही, न जमलेल्या गटात मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त निघाला. हे २०२२ मध्ये छापून आल्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘दहा सेकंद उभे राहता येत नसेल तर मरण जवळ’ अशा थाटाचे मथळे दिले. तसे ते नाही. तोल बिघडण्यामागे मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेली असू शकते, मोतीबिंदू असू शकतो, कानाचा दोष किंवा बी-१२ ची कमतरता असू शकते. यातल्या कित्येकांवर उपाय आहे. चाचणी कारण सांगत नाही; कुठेतरी कारण आहे, शोधा, एवढेच सांगते.

चक्कर येऊन पडणाऱ्यांसाठी घरातले रक्तदाबाचे यंत्र वेगळ्या तऱ्हेने वापरावे. पाच मिनिटे आडवे पडून मोजा. मग उभे राहा, आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभे राहताच मेंदूला रक्त कमी पडते आहे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, झोपेच्या गोळ्या, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कमी प्यायलेले पाणी, ही याची नेहमीची कारणे. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या.

पोटरीची चाचणी तर टेपशिवायही होते. जपानमध्ये कशिवा शहरातल्या ज्येष्ठांवर टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी ती तपासली. बसून, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती कडे करा. कडे पोटरीला पुरले नाही तर चांगले. नेमके बसले तर लक्ष ठेवा. कडे सैल राहिले तर स्नायू झडल्याची शक्यता आहे. टेपने मोजायचे तर आशियाई गटाच्या मते पुरुषाची पोटरी ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीची ३३ पेक्षा कमी असेल तर पुढे तपासावे. पायावर सूज असेल तर दोन्ही मापे निरुपयोगी, आणि सुजेसाठी वेगळे दाखवायला हवेच.

दमाची चाचणी जागेवर पावले उचलण्याची. गुडघ्याची वाटी आणि खुब्याचे हाड यांच्या मधोमध भिंतीवर खूण करा. प्रत्येक गुडघा तिथवर यायला हवा. दोन मिनिटांत उजवा गुडघा किती वेळा खुणेला लागला ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांचे बहुतेक आकडे ८६ ते ११६, स्त्रियांचे ७३ ते १०७ या दरम्यान येतात. आमच्याकडे या चाचणीऐवजी ‘रामटेकचा गड चढून आलो, मला काय झाले?’ असे ऐकू येते. गड चढणे चांगलेच. पण चढणे दम तपासते, आणि तोल व मांडीचा ताबा खरा कळतो तो उतरताना. उतरताना गुडघे लटपटत असतील, कठडा सोडवत नसेल, तर चढण्याच्या अभिमानापेक्षा ते महत्त्वाचे आहे.

शेवटची चाचणी जमिनीवर बसण्या-उठण्याची, तीही आराउजो यांचीच. मोकळ्या जागेत अनवाणी उभे राहा, कमीत कमी आधाराने खाली बसा आणि उठा. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, कोपर, गुडघा, पायाची बाजू टेकली किंवा हात गुडघ्यावर रेटला, की प्रत्येकी एक गुण वजा. तोल डळमळला तर अर्धा. मांडी घालून बसायला हरकत नाही. २०१२ साली त्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांचा अभ्यास छापला: शून्य ते तीन गुण मिळालेल्यांत, आठ ते दहा गुण मिळालेल्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण पाच-सहा पट होते.

जमिनीवर बसण्याची सवय असल्याने आपल्याला इथे फायदा आहे असे वाटते, आणि ज्यांनी ती सवय मोडली नाही त्यांना तो आहेच. पण गुडघ्याची झीज आपल्याकडे घरोघरी आहे, आणि झिजलेल्या गुडघ्याने गुण कमी आले तर त्याचा अर्थ आयुष्य कमी असा लावू नये. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी, हाडे ठिसूळ असलेल्यांनी ही चाचणी करू नये. मला तिचा खरा उपयोग गुणांत वाटत नाही, दुसऱ्याच प्रश्नात वाटतो. घरात एकटे असताना पडलो, तर आपले आपण उठू का? केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये छापून आला. जे पडले त्यांतल्या ८० टक्क्यांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आले नाही, आणि ३० टक्के तासभर किंवा जास्त वेळ जमिनीवर पडून राहिले. मुले पुण्याला किंवा नागपुरात, घरी दोघेच म्हातारे, असे चित्र आता कन्हानलाही सर्रास आहे.

म्हणून उठण्याची रीत आधीच शिकून ठेवावी, सतरंजीवर, सोबतीच्या देखत. पडल्यावर लगेच धडपडायचे नाही. आधी श्वास घ्या, कुठे दुखते ते पाहा. खुब्यात जबर कळ असेल तर हलायचेच नाही, हाक मारायची. तसे नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर जोर देत दोन्ही हात-गुडघ्यांवर या, रांगत जड खुर्ची किंवा पलंगापर्यंत जा, दोन्ही हात त्यावर ठेवा, जो पाय मजबूत तो पुढे सपाट टेका, रेटून उठा आणि वळून बसा. बसल्यावर एक-दोन मिनिटे थांबा. गुडघे अजिबात टेकवत नसतील तर ही रीत जमणार नाही. अशांनी मोबाइल कायम खिशात किंवा गळ्यात ठेवावा, न्हाणीघरातसुद्धा.

आता आकड्यांचे काय करायचे. एक वही करा. तारीख, वेळ, खुर्ची कोणती, आकडा, आणि सोबतीने पाहिलेले दोन शब्द. पहिल्या आठवड्यात दोनदा मोजा, कारण पहिल्या वेळी रीत समजण्यातच आकडा जातो. मग दर तीन महिन्यांनी. खुर्चीतून उठण्यात एखाद-दुसऱ्याचा फरक रोजच्या चढउतारात धरावा. दोनपेक्षा जास्त उतार असेल तर कारण शोधावे. डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड, ऑपरेशन यांनंतर आकडा कोसळतोच. आठ-दहा दिवसांच्या अंथरुणाने म्हाताऱ्या मांडीतले जे जाते ते आपोआप परत येत नाही, मेहनतीने आणावे लागते.

पण ते येते. या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धालयात मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त लोकांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले. एक जण सोडून बाकी नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! तर पासष्टीच्या खाणकामगाराने ‘आता काय राहिले’ म्हणण्याचे काहीच कारण नाही. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, हे २०१९ मध्ये शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासलेल्या आढाव्यात दिसले आहे.

व्यायाम चाचणीतूनच निघतो. आठवड्यातून तीन दिवस, त्याच खुर्चीतून दहा वेळा उठणे, थोडे थांबून पुन्हा दहा वेळा. जमत नसेल तर आधी खुर्चीवर घट्ट घडीची गोधडी ठेवून उंची वाढवा आणि आठवड्या-आठवड्याने एक घडी कमी करा. उठताना जोरात, बसताना सावकाश. तीन मोजत बसलात की मांडीला खरे काम मिळते. ओट्याला धरून टाचा उचलणे, वीस वेळा. भिंतीला बोटे लावून टाचेला चवडा जोडत एका रेषेत चालणे. दात घासताना ओटा धरून एका पायावर, मग दुसऱ्या. सोबत खाण्यात प्रथिने हवीत. ज्येष्ठांसाठी वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असे तज्ज्ञ सुचवतात. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. भाकरी आणि पातळ वरण यांवर ते भरत नाही. वरण घट्ट करा, झुणका, चणे, दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी-मासे, आणि एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळा वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टरांकडे कधी जायचे? गेल्या वर्षभरात एकदा जरी पडला असाल, खुर्चीचा आकडा तक्त्याखाली असेल, उठून-चालून येण्याला १२ सेकंदांपुढे लागत असतील किंवा टाचेला चवडा जोडून उभे राहता येत नसेल, तर सवडीने पण नक्की. चाल दोन-चार दिवसांत अचानक बिघडली, पाय ओढला जाऊ लागला, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, तर त्याच तासाला. जवळचे सरकारी रुग्णालय, तिथून गरज पडली तर नागपूरचे मेडिकल कॉलेजचे रुग्णालय किंवा एम्स. फिजिओथेरपी दोन्हीकडे आहे. काठी, वॉकर, कमोडची खुर्ची लागली तर राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असणाऱ्यांना एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. काठी घेताना तिची उंची मनगटाच्या हाडापर्यंत हवी आणि खालचे रबर झिजलेले नसावे.

ओपीडीत वेळ थोडा मिळतो. तिथे ‘पाय दुखतात, चालवत नाही’ एवढे सांगितले तर दुखण्याची गोळी मिळून काम संपण्याची शक्यता असते. त्याऐवजी वही उघडून सांगा: ऑगस्टमध्ये ३० सेकंदांत बारा वेळा उठत होतो, आता आठ वेळा, चार मीटरला साडेचार सेकंद लागायचे, आता सात, वळताना डावीकडे जातो, उभा राहिल्यावर रक्तदाब १४० वरून ११५ वर येतो. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्या, दुकानातून आपल्या मनाने घेतलेलीसुद्धा.